छायाचित्रांच्या पाठीमागें

पाहुण्यांपुढें चहा ठेवतांच छायाचित्रांची वही काढणारा यजमान हा सर्वत्र चेष्टेचा विषय असतो, आणि ही चेष्टा आमच्याही वांट्यास यथेच्छ आली आहे. आमचें म्हणणें असें कीं, हौशी माणसाच्या चित्रांत जें दिसतें त्याची मातबरी थोडीच असते. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यन्त शकुंतलेचें चित्र काढतो. पण तेवढ्यानें त्याचें समाधान होत नाहीं. मालिनी नदीची वाळू, तीवरील हंसांचें जोडपें, झाडाच्या फांद्यांना टांगलेलीं वल्कलें, हें सारें काढावयाचें राहिलेंच आहे असें तो म्हणतो. चौकटीबाहेर राहिलेलें आठवीत बसणें हा आमचाही निवृत्तीनंतरचा उद्योग आहे.

मराठी माणसास हा नाद नवा नाहीं. मुंबईस १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी यांनीं त्याच काळांत ही कला हस्तगत केली होती. आमची गोष्ट त्याहून पुष्कळ गरिबीची. भामरागडाजवळच्या एका खेड्यांतल्या शाळेवर आमची नेमणूक झाली, त्या वर्षीं आम्हीं एक जुना आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा विकत घेतला. हा मुलूख तेव्हां चंद्रपूर जिल्ह्यांत मोडे. गडचिरोली निराळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं. त्या कॅमेऱ्यांत १२० नंबरच्या एका फिल्मवर १२ चौकोनी चित्रें निघत. फार जवळून घेतलेलें चित्र पुसट येई, म्हणून सर्वांस दूर उभें करावें लागे. फिल्म धुण्यासाठीं चांद्यास पाठवावयाची. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला कीं वाट बंद, आणि चित्रें दिवाळीच्या सुमारास हातीं पडत. आमची नात हल्लीं एका पुरणपोळीचीं चाळीस चित्रें काढते. आम्हांस वर्षाचे सणवार बारांत बसवावे लागत. महाशिवरात्रीस मार्कंड्याच्या देवळापाशीं घेतलेलें चित्र त्याच हिशेबांतलें: देऊळ अर्धें, वैनगंगा मुळींच नाहीं, आणि मधोमध कोणा अनोळखी यात्रेकरूची छत्री.

प्राणहितेपलीकडे आदिलाबादच्या राजगोंडांचीं छायाचित्रें फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांनीं गेल्या शतकाच्या पांचव्या दशकांत काढलीं, तीं विद्वानांच्या कामीं आलीं. आमच्या चित्रांपैकीं एकच कोणाच्या कामीं आलें, तें सांगतों.

१९८१ च्या एप्रिलमध्यें, तेंदूपत्त्याचा हंगाम लागून मुलें आईबापांबरोबर जंगलांत जाण्यापूर्वीं, आम्हीं शाळेच्या अंगणांत मोहाखालीं सर्वांचें एक चित्र घेतलें. २३ मुलें. त्यांतला एक, दुसऱ्या रांगेतला, त्याच पावसाळ्यांत हिंवतापानें गेला. वाटा उघडल्यावर एके दिवशीं त्याचा बाप दारीं येऊन उभा राहिला. माडिया माणूस सर्वांस 'तूं'च म्हणतो. त्या एकेरींत कमीपणा नसतो.

"गुरुजी, माझ्या पोराचा तोंड तुझ्याजवळ आहे. मला दे."

मृताच्या नांवानें दगड उभा करण्याची त्यांची चाल. तो विधि झाला का, असें आम्हीं विचारलें.

"दगड केला. दगडाला तोंड नाहीं."

दुसरी प्रत काढावी म्हटलें, तर त्या पावसाच्या ओलीनें निगेटिव्हवर बुरशी धरून ती डब्यांतच चिकटून बसली होती. घरांत होती तेवढी एकच प्रत. चेहरा पाहूं गेलें तर करंगळीच्या नखाहूनही लहान. आम्ही विचारांत पडलेले पाहून आमचें कुटुंब आंतून कात्री घेऊन आलें. "अहो, आपल्याला बावीस पुरेत. त्याच्याकडे एकही नाहीं." तिनेंच बेतानें कापून दिलें. बापानें तो तुकडा उजेडाकडे धरून पाहिला, मग पळसाच्या पानांत गुंडाळून कनवटीस लावला. आभार वगैरे मानले नाहींत. पाणी पिऊन गेला.

तेव्हांपासून आमच्या वहींत मोहाखालचें तें चित्र भोकासकट आहे. पाहुणे नेमके तेथेंच थांबतात. गेल्या दिवाळींत पुतण्यानें संगणकावर तें भोंक बेमालूम बुजवून, हवा तर तेथें एक मुलगाही बसवून देण्याची तयारी दाखविली. कोणता मुलगा, असें विचारतां "कोणताही" म्हणाला. पोरगा हुशार आहे, मनानेंही चांगला. पण वही आम्हीं त्याच्या हातून काढून घेतली.

सध्यां दुपारीं आम्ही चित्रांच्या पाठीवर नांवें लिहीत असतों. पेन्सिलीनेंच लिहितों, कारण शाई पुढल्या बाजूस उमटते. मोहाखालच्या चित्रांतलीं १९ झालीं. दोघी बहिणींचीं तर घरांतून आठवलीं. भोकाला पाठ नाहीं, तेव्हां त्या मुलाचें नांव शेजारच्या मुलाच्या पाठीवर बाण काढून लिहिलें आहे. अजून तीन राहिलीं आहेत. त्यांतला एक चौथ्या इयत्तेंतला, बासरी वाजवीत असे. त्याचें नांव जिभेवर येतें आणि परत जातें.