कोगनोळीच्या पलीकडे

कोल्हापूरहून येताना कागल मागे पडलं की कोगनोळीला कर्नाटक सुरू होतं. निवडणुकीत इथे गाड्या तपासतात. पन्नास हजारांवर रोकड असेल तर कागद दाखवावे लागतात. पुढे निपाणी, मग बेळगाव. बेळगावशेजारी हिंडलग्याला १ जून १९८६च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. इथल्या राजकारणाने रक्तही पाहिलंय.

मित्रांनो, १९८९ मध्ये पनामाच्या निवडणुकीवर नजर ठेवायला जिमी कार्टर गेले आणि तिथली फसवणूक त्यांनी जगापुढे मांडली. आपल्याकडे हे काम निवडणूक आयोगाचे, बाहेरून आलेले निरीक्षक करतात. त्यांना कायद्यात स्थान मिळालं १९९६च्या दुरुस्तीने. त्याच वर्षी सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष वेधण्यासाठी बेळगाव लोकसभेला तब्बल ४५६ उमेदवार उभे राहिले होते. त्याच दुरुस्तीने सर्वसाधारण उमेदवाराची अनामत ५०० वरून १०,००० रुपये झाली. आवाज दिल्लीला पोचला, पण उत्तर आलं ते असं!

निरीक्षक निकालानंतर परत जातात. गावात राहायचं असतं ते आपल्या माणसांना. म्हणून मला आयोगाचं 'सी-व्हिजिल' अ‍ॅप मोलाचं वाटतं. पैसे वाटताना दिसले तर फोटो पाठवायचा. ठिकाण आपोआप नोंदलं जातं, नाव गुप्त ठेवता येतं आणि १०० मिनिटांत दखल अपेक्षित असते. सॉफ्टवेअरचं काम एवढंच. ओळखीच्या माणसाची तक्रार करायचं धाडस मात्र आपल्यालाच करावं लागतं. पुढच्या मतदानाला गावी जाल तेव्हा हे अ‍ॅप फोनमध्ये असू द्या, आणि घरातल्या थोरांनाही दाखवा.