वळणदार अक्षर

आमच्या घरात टापटिपीचं कौतुक फार. दारात चपला जोडीनं, वह्यांना खाकी कव्हरं, कपाटात घड्यांच्या चळती. त्यामुळे पाचवीत असताना धाकट्यानं दप्तरातली पुस्तकं उंचीप्रमाणे लावायला सुरुवात केली, तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट थोरलीलाच ऐकून घ्यावं लागलं, "बघ, जरा भावाकडून शीक." त्याचं अक्षर तर इतकं वळणदार, की नातेवाईक आले की वही बाहेर निघायची.

सहावीत गेल्यावर गृहपाठ लांबायला लागला. पाच ओळी लिहायला बसलेला मुलगा जेवायची वेळ झाली तरी तिथंच. अभ्यास वाढला असेल, असं आम्ही धरून चाललो. एकदा सहज मराठीची वही उघडली. एका शब्दातला 'क्ष' इतक्यांदा खोडून लिहिला होता, की कागदाला आरपार भोक पडलं होतं. पुढची काही पानं गायब. वहीतलं एक पान फाडलं की त्याचं जोडपान सुटतं, म्हणून तो तेही फाडायचा. दोनशे पानी वही निम्मी उरली होती आणि पिना लोंबत होत्या. शाळेतून मात्र शेरा आला होता, 'लेखन अपूर्ण. लक्ष देत नाही.'

संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की तो आजीजवळ बसून रामरक्षा म्हणायचा. सासूबाईंना धन्य वाटायचं. पण मधेच कुकरची शिट्टी झाली, कुणी बेल वाजवली, की तो पुन्हा पहिल्या श्लोकापासून सुरू करायचा. शेवटी तो बसला की आम्ही कुकर उशिरा लावायला लागलो. त्याच्या एकाग्रतेला जपायचं, एवढंच मनात.

रात्री झोपताना त्याचा ठरलेला प्रश्न असायचा. नवरा सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला. नाशिकहून रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन. "आई, बाबा उद्या नीट येतील ना?" मी म्हणायची, "येतील रे." तेवढ्यानं भागायचं नाही. "तसं नाही. 'नीट येतील' असं म्हण." म्हटलं, तरी माझा आवाज चढलेला असला, मी दुसरीकडे बघत असले, तर तो 'येतील' हिशेबात धरला जायचा नाही. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर.

हे सगळं सुटं सुटं दिसत होतं. अक्षर एकीकडे, भक्ती एकीकडे, बापावरची माया एकीकडे. एका धाग्यात ते ओवलं गेलं ते थोरलीमुळे. पानं वाढून झाली होती, हा उठेना, म्हणून तिनं त्याच्या हातातली वही ओढली आणि पाठीमागे लपवली. भावंडांची नेहमीची मस्ती. मला वाटलं, आता हा चिडेल, मारामारी होईल. तो चिडला नाही. पांढराफटक पडला, हातापायांना कंप सुटला आणि म्हणाला, "ताई, दे गं. ती ओळ तशीच राहिली तर बाबांना काहीतरी होईल."

हट्टी मूल अडवलं तर रागावतं. हा घाबरला होता, आणि तो फरक आईला कळतो.

सासूबाईंनी दृष्ट काढली. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव निघाल्यावर "एवढ्याशा पोराला डोक्याच्या डॉक्टरकडे?" हेही झालं. पण आमच्या बालरोगतज्ज्ञांनीच चिठ्ठी दिल्यामुळे वाद फार चालला नाही.

मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी त्याला पहिल्यांदा अभ्यासाचं काही विचारलंच नाही. म्हणाल्या, "नको असलेले विचार डोक्यात घुसतात का रे? घालवले तरी न जाणारे?" त्यानं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "सगळ्यांना येतात?" त्या म्हणाल्या, "येतात. बहुतेकांचे निघून जातात. काहींचे अडकतात." त्यानंतर तो जे बोलायला लागला, ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. वर्गात तो मनातल्या मनात आकडे मोजायचा. बाहेरून दिसायचं, की खिडकीबाहेर बघतोय.

बाईंनी निदान सांगितलं, ओसीडी. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात. एक नकोसा विचार येतो, त्यानं जीव कासावीस होतो आणि ती कासाविशी घालवायला मूल एखादी कृती करतं. हात धुणं, तपासणं, मोजणं, खोडणं, पुन्हा पुन्हा विचारणं. कृती केली की बरं वाटतं, पण खाज खाजवल्यासारखं. क्षणभर शांत, मग दुप्पट. शंभरातल्या एकदोन मुलांना हा त्रास असतो, आणि दहा वर्षांच्या आसपास तो बऱ्याचदा डोकं वर काढतो. लहान मुलांचे झोपतानाचे ठरलेले सोपस्कार, फरशीची रेघ न तुडवता चालणं, यात काळजीचं काही नसतं. त्यातून त्यांना मजा येते, आणि वयाबरोबर ते सुटतं. दिवसातला तासाभराहून जास्त वेळ खाणारं, मुलाला छळणारं, शाळा-जेवण-झोप अडवणारं ते वेगळं. त्यांनी दहा प्रश्नांची एक मोजपट्टी लावली. ० ते ४० गुणांची. हा मध्यम ते तीव्र यांच्या सीमेवर होता.

मग त्या आमच्याकडे वळल्या. रात्रीच्या प्रश्नाला उत्तर कोण देतं? नव्या वह्या कोण आणतं? स्तोत्र चालू असताना घरात आवाज होऊ नये म्हणून कोण जपतं? एकेक उत्तर देताना लक्षात येत गेलं, की हा आजार अख्ख्या घराला कामाला लावतो. जगभर बहुतेक घरांत हे असंच होतं, त्या म्हणाल्या. मुलाचे हाल बघवत नाहीत, म्हणून आईबाप भीतीलाच हातभार लावतात.

उपचार म्हणजे उलट्या दिशेनं चालणं. त्यानं भीतीची शिडी काढली. खालच्या पायरीवर 'एक अक्षर वाकडं लिहून तसंच ठेवणं', सगळ्यात वरती 'बाबा निघताना काहीच न विचारणं'. प्रत्येक पायरीला ० ते १० गुण. पहिल्या दिवशी त्यानं मुद्दाम एक 'ळ' वेडावाकडा काढला आणि खोडरबर माझ्याकडे दिला. मांडीवर मुठी आवळून बसला. भीती किती, दर थोड्या वेळानं विचारायचं. आठ. आठ. सात. मग पाच. काही न करताही भीती उतरते, हे त्याच्या अंगाला कळायला हवं होतं. माझ्या वाट्याला रात्रीचं एकच ठरलेलं वाक्य आलं, "हा प्रश्न तुझा नाही, किरकिऱ्याचा आहे." आजाराला 'किरकिऱ्या' हे नाव त्यानंच ठेवलं होतं. ते वाक्य बोलताना सुरुवातीला माझाच घसा दाटायचा.

गोळीला घरात विरोध होता. बाईंनी २००४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासाविषयी सांगितलं. ७ ते १७ वयोगटातली ११२ मुलं होती. नुसती गोळी किंवा नुसती थेरपी यांच्यापेक्षा दोन्ही एकत्र दिलेल्यांत सुधारणा जास्त दिसली. सर्ट्रालिन कमी मात्रेनं सुरू झालं. या गोळीचा पूर्ण गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे लगेच फरक दिसला नाही म्हणून ती बंद करायची नाही, आणि सुरुवातीला मुलाच्या मूडवर लक्ष ठेवायचं, हे दोन्ही त्यांनी बजावलं.

आता तो आठवीत आहे. किरकिऱ्या गेलेला नाही, परीक्षा जवळ आली की येतो. पण वही वर्षभर पुरते. अक्षर पूर्वीपेक्षा गबाळं झालंय, सासूबाईंना अजून ते खटकतं.

ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, "माझाही हात फार धुतो गं, तसलं काही असेल का?" हातांवरून मला काय कळणार? मी त्यांना एवढंच सांगते: तो काय करतो, यापेक्षा ते करू दिलं नाही तर त्याचं काय होतं, ते बघ. कुरकुरला आणि खेळायला पळाला, तर सोडून दे. घाबरला, गयावया करायला लागला, तर "कशाची भीती वाटते?" असं न रागावता विचार आणि डॉक्टर गाठ. कुठं जायचं ते सुचत नसेल, तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. आणि मूल फारच गुणी असेल, तर एकदा त्याची वही मागून घे आणि मधली पानं मोजून बघ.