मोजून प्यायचं पाणी

आमच्या घरात पाण्याचे दोन हिशेब चालतात, एक ह्यांच्या पिण्याचा आणि दुसरा बागेचा.

2024 च्या पावसाळ्यात ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी होत आल्याचं कळलं आणि दिवाळीच्या सुमाराला डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. डॉक्टरांनी पाण्याचं गणित घालून दिलं: आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली असेल त्यात अर्धा लिटर मिळवायचं, तेवढंच चोवीस तासांत प्यायचं. त्यात चहा आला, ताक आलं, वरणाचं पाणीसुद्धा आलं. जास्त झालं की ते अंगावर साठतं, पाय सुजतात, दम लागतो. मी सकाळी एका बाटलीत त्या दिवसाचं पाणी भरून ठेवते. बाटली संपली की दिवस संपेपर्यंत तोंड ओलं करायला बर्फाचा एखादा खडा. यवतमाळच्या उन्हाळ्यात, पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला असताना तहानलेल्या माणसाला पाणी नाकारणं काय असतं, ते मला लिहून सांगता येत नाही.

आम्ही लोहाऱ्यात राहतो. दारव्हा रोडवर, यवतमाळ शहराला लागून. इथली एमआयडीसी जिल्ह्याबाहेरही लोकांना माहीत आहे. ह्यांची नोकरीही तिथलीच होती. लेआऊटमधलं घर आणि घराच्या कडेला जमिनीची एक अरुंद पट्टी. तिथे इतकी वर्षं गवत आणि विटांचे तुकडे याशिवाय काही नव्हतं. मी नागपूरला फ्लॅटमध्ये वाढले. कुंडीतल्या तुळशीपलीकडे मातीशी माझा संबंध आला नव्हता.

सुरुवात कशी झाली ते मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. आहारतज्ज्ञांनी एक कागद दिला होता. पोटॅशियम जास्त असलेलं सगळं बंद किंवा अगदी कमी: केळी, नारळपाणी, टोमॅटो, पालक, बटाटा आणि विदर्भात राहून संत्रंही. चालेल अशा रकान्यात लवकी, दोडकं, काकडी, भेंडी होती, तीही चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून. तो कागद पर्समध्ये होता. जानेवारीच्या शेवटी डायलिसिसहून परत येताना दत्त चौकाजवळ रिक्षा थांबवली, बियाण्याच्या दुकानात गेले आणि त्या रकान्यातली नावं वाचून दाखवली. दुकानदाराने भेंडीच्या दोन-तीन जाती पुढे ठेवल्या. मी ‘परभणी क्रांती’ उचलली, कारण ते एकच नाव ओळखीचं वाटलं. ती परभणीच्या कृषी विद्यापीठाची जात आहे आणि पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला बऱ्यापैकी तोंड देते, हे नंतर समजलं.

त्याच आठवड्यात यवतमाळच्या सुभाष शर्मांना पद्मश्री जाहीर झाल्याची बातमी पेपरात होती. नव्वदच्या दशकात रासायनिक खतं सोडून नैसर्गिक शेतीकडे वळलेले आपल्या जिल्ह्यातले शेतकरी. ह्यांनी ती बातमी मशीनला जोडलेले असताना मोठ्याने वाचली. कितीतरी दिवसांनी ह्यांनी क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन सोडून दुसरं काही वाचलं होतं.

माती काळी. ओली झाली की पायाला गोळे होऊन चिकटते, वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. मी पाणी घालून लगेच बी लावायला निघाले, तशी शेजारच्या मावशी कुंपणापलीकडून म्हणाल्या, “थांब व बाई. माती मुठीत धरून पाय. चिकटली त थांब, मोकळी झाली त टोब.” वाफसा म्हणजे काय, ते मला त्या मुठीने शिकवलं. मग त्यांनीच शेणखत दिलं, सोयाबीनचं कुटार दिलं, वेलांना चढायला कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या आणून टाकल्या. त्यांनी भेंडीचं बी रात्रभर भिजवायला लावलं. ते आठवड्याच्या आतच उगवलं. मातीला तडा जातो, वाकलेली हिरवी मान वर येते आणि मग दोन पानं उघडतात. ते पाहताना मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. कित्येक महिन्यांत माझ्या घरात एखादी गोष्ट वाढताना मी पाहिलीच नव्हती; सगळे आकडे बिघडत होते किंवा जेमतेम जागेवर राहत होते.

लवकीच्या रोपांवर तांबडे भुंगेरे आले. कोवळ्या पानांना भोकं पडली. पहाटे ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचायचे आणि पानांवर चुलीची राख भुरभुरायची, हेही मावशींचंच. त्यामुळे मी पहाटे उठू लागले. आधीही उठतच होते, पण अंथरुणात पडून छताकडे बघत. आता अंधार फिका होईपर्यंत वाट पाहायची आणि उजेड आला की बाहेर जायचं. फाल्गुनात दारव्हा रोडच्या दोन्ही बाजूंना पळस पेटला होता. मागच्या वर्षी तो कधी फुलून गेला, मला आठवत नाही.

मार्चच्या शेवटी लवकीला पांढरी फुलं धरली आणि सगळी गळून पडू लागली. मी घाबरले. मावशींनी एक फूल उलटं करून दाखवलं. “याच्याखाली लवकीचं पिल्लू दिसते का तुले? नाई ना? मंग हे नराचं हाय. मादीचं मागून येते. धीर धर.” खरंच, या वेलांना आधी नर फुलं येतात आणि ऊन वाढलं, दिवस मोठा झाला की नर फुलांचंच प्रमाण वाढतं. लवकीचं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रीच्या पतंगांसाठी. दोडक्याचंही दिवस कलल्यावर. आमच्याकडे पतंग फार दिसत नव्हते, तेव्हा परागकण हाताने लावायचं ठरलं.

हे काम ह्यांनी मागून घेतलं. डाव्या हातात डायलिसिससाठी केलेला फिश्चुला आहे, त्या हाताने वजन उचलायचं नाही, शिवाय मातीत हात घालून जंतुसंसर्ग ओढवून घ्यायचा नाही. पण उजव्या हाताने नर फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचं, एवढं खुर्चीवर बसून करता येतं. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी ह्यांच्या अंगात त्राण नसतं, तरी “आज किती उमलली?” हे विचारतातच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही एकमेकांशी इतकं बारीकसारीक बोलत असू असं मला वाटत नाही. कोणतं फळ धरलं, कोणतं पिवळं पडलं, कोणत्या वेलाने पऱ्हाटी सोडून कुंपण धरलं.

एप्रिलमध्ये पाण्याचा प्रश्न आला. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह दोन्ही तलाव तळाला गेले होते, आणि टँकरची वाट पाहिलेलं यवतमाळ अजून ते विसरलेलं नाही. त्यामुळे भाज्या धुतलेलं, तांदळाचं, कूलरच्या टाकीत उरलेलं असं सगळं पाणी मी बादलीत साठवते. ह्यांच्या भाज्या उकळून गाळलेलं पाणीही, मीठ न घातलेलं, गार करून वेलांना जातं. त्यात भाजीतलं पोटॅशियम उतरलेलं असतं. ह्यांच्या हृदयाचे ठोके बिघडवू शकणारी ती गोष्ट झाडाला मात्र लागतेच, नत्र आणि स्फुरदाइतकीच. आळ्यात कुटार जाड पसरलेलं असलं की ओल टिकते आणि भेगा पडत नाहीत.

सूर्य कलला की मी तांब्या-तांब्याने आळं भरते. घरात दिवसभर घोट-घोट मोजणारी मी तिथे न मोजता ओतते, आणि माती ते पिते. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा अपराधी वाटलं, ह्यांच्यासमोर पाणी ओतायला नको वाटलं. मी ह्यांना खुर्ची आत नेऊ का म्हणून विचारलं. हे म्हणाले, “राहू दे. बघायला बरं वाटतं.” त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही.

बाग कुणाला बरं करत नाही. ह्यांचे रिपोर्ट जसे होते तसे आहेत, मशीन आहे, सुया आहेत. मे महिन्यात एका आठवड्यात ह्यांना दोनदा भरती करावं लागलं आणि त्या दिवसांत बागेला मावशींनी पाणी दिलं. पण मला बसण्याची एक जागा मिळाली, जिथे मी ह्यांची बायको आणि ह्यांची परिचारिका यांतलं काहीच नसते. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर निबर होते. तिला माझ्या काळजीशी काही देणंघेणं नाही आणि नेमकं तेच मला हवं होतं.

पहिली लवकी तोडली तेव्हा मावशींनी आधी कच्चा तुकडा चाखायला लावला. कडू निघाली तर शिजवायची नाही, विषबाधा होते. कडू नव्हती. उकळून, पाणी गाळून, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून भाजी केली. मीठ नावापुरतं. हे दोनदा वाढून घेऊन जेवले.

एक लवकी बियाण्यासाठी वेलावरच ठेवली आहे. साल टणक होऊन आत बी खुळखुळेपर्यंत ती काढायची नाही. आता मृग तोंडावर आला आहे. ह्यांना पट्टीच्या कडेला वाल लावायचा आहे. मी म्हणते, त्या जागेत कोहळं चढवू. वालाचे दाणे त्या कागदातल्या चालणाऱ्या रकान्यात नाहीत, हे ह्यांनाही माहीत आहे. “मी नाही खाणार, तू खा. मावशींना दे,” म्हणतात. कडेची जागा वालालाच जाणार असं दिसतंय.