आठवडा सुरू कुठून होतो?

मढला आमच्या घरी भिंतीवर कॅलेंडर आहे, पण घरातला आठवडा त्याच्यावर चालत नाही. आजीचा आठवडा बाजाराच्या दिवसापासून सुरू होतो. आबांचा, म्हणजे आजोबांचा, विहिरीवरच्या आपल्या पाळीपासून. मी शाळेत सोमवार शिकलो आणि इंजिनिअरिंगला येईपर्यंत तोच खरा धरून बसलो. यात काही घोळ होऊ शकतो हे मला इनप्लांट ट्रेनिंगला कळलं, तेही तोंडावर आपटल्यावर.

ज्यांना मढ माहीत नाही त्यांच्यासाठी : माळशेज घाट चढून ओतूरकडे निघालात की वाटेत लागतं ते. पावसाळ्यात धबधबे बघायला जाताना गाडीच्या काचेतून जे पसरलेलं पाणी दिसतं ना, ते पिंपळगाव जोगे धरणाचं. तुम्ही फोटो काढता, आम्ही तिथे राहतो. असो.

ट्रेनिंग भोसरीच्या एका कारखान्यात मिळालं. (नाव सांगत नाही, कारण पुढे कळेलच.) मेंटेनन्स डिपार्टमेंटला नवीन सॉफ्टवेअर आलं होतं. सॅप, मॅक्सिमो ही नावं तुम्ही ऐकली असतील, त्याच जातकुळीतलं. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुला कॉम्प्युटर येतो ना? मग आठवड्याचे शेड्युलिंग पिरियड सेट करून टाक." मला वाटलं, हात्तिच्या! पिरियडचं नाव, सुरुवात, शेवट, माणसं किती, तास किती. अशा ५२ ओळी. एक्सेलमध्ये पहिली ओळ लिहून खाली खेचली की काम झालं.

हा पिरियड कशासाठी असतो ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक काम, म्हणजे वर्क ऑर्डर, कुठल्या तरी आठवड्यात बसवायची. फिटर आणि इलेक्ट्रिशियन मिळून जेवढे तास हातात आहेत, त्यातले काही ब्रेकडाऊनसाठी मोकळे सोडायचे (मशीन सांगून बिघडत नाही) आणि बाकीच्या तासांत बसतील तेवढीच कामं घ्यायची. मग एका ठरलेल्या वेळी यादी गोठवायची. त्यानंतर येणारं काम म्हणजे मध्येच घुसलेलं. आठवडा संपला की गोठवलेल्या यादीतलं किती पूर्ण झालं ते सॉफ्टवेअर टक्क्यांत सांगतं, आणि तो टक्का मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर पडद्यावर येतो. थोडक्यात काय, तर रिझल्टच!

'आठवड्याचा पहिला दिवस' या रकान्यात सोमवार आधीच भरलेला होता. आयएसओ ८६०१ या जागतिक मानकातही आठवडा सोमवारीच सुरू होतो. गंमत म्हणजे त्याच मानकात वर्षाचा पहिला आठवडा कुठला, तर ज्यात वर्षातला पहिला गुरुवार येतो तो. त्यामुळे २०२६ सारख्या, गुरुवारी सुरू झालेल्या वर्षात चक्क ५३ आठवडे होतात. माझ्या ५२ ओळींचं काय झालं असतं ते तुम्हीच बघा.

गुरुवार मला तिथेच दिसायला हवा होता. पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. विजेची टंचाई होती तेव्हा सगळ्या औद्योगिक भागांनी एकाच दिवशी बंद न ठेवता वेगवेगळे वार घ्यावेत, म्हणजे भार वाटला जाईल, अशी पद्धत पडली. पुण्यात वीज आणि पाणी दुरुस्तीसाठी बंद ठेवायचं असलं की तेही बहुतेक गुरुवारीच. म्हणजे इतरांची सुट्टी तो मेंटेनन्सवाल्यांचा खरा कामाचा दिवस. गिअरबॉक्स उघडायचा, कन्व्हेयर सोडवायचा, तर उरलेले सहा दिवस मशीनला हात लावू देत नाहीत.

माझा सोमवार ते रविवारवाला आठवडा दोन-तीन वेळा चालला. मग आमचे मिस्त्री खुर्ची ओढून शेजारी बसले. तीस वर्षं नोकरी, गुडघे दुखतात, बोलणं कमी. म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, यादी शनिवारी गोठवता. सोमवारी पंप आवाज करायला लागला तर तो गुरुवारी उघडता येत नाही. का, तर यादीत नाही! म्हणजे दहा दिवस तो आवाज ऐकत बसायचं का?"

अगदी बरोबर होतं. मग दोघांनी मिळून ठरवलं, आठवडा गुरुवार ते बुधवार. यादी मंगळवारी संध्याकाळी पाचला गोठवायची, म्हणजे बुधवारी स्टोअरमधून बेअरिंग, सील, जे लागेल ते काढून ठेवता येतं. गुरुवारी मोठी कामं. जी छोटी राहतील ती पुढे सेटिंग बदलताना किंवा जेवणाच्या सुट्टीत. आणि सुरुवात रात्री बाराला नाही, सकाळी सातला! कारण थर्ड शिफ्ट रात्री अकराला येते आणि सातला जाते. बाराला आठवडा तोडला तर एकाच माणसाचे तास दोन आठवड्यांत फाटतात. साहेब खूश झाले. मिस्त्रींना म्हणाले, "आता ती डायरी बंद करा, सगळं कॉम्प्युटरवर आहे." मिस्त्रींनी डायरी ड्रॉवरमध्ये टाकली.

नवा आठवडा सुरू झाला आणि येणाऱ्या रविवारी मी घरी गेलो. ओट्यावर बसून आबांना सगळं फुशारकीनं सांगितलं. कॉम्प्युटरचं त्यांना काही पडलेलं नव्हतं, पण सकाळी सातचं ऐकल्यावर मान हलवली. "आपली पाळी बी दिवस मावळताना बदलते. बाराला कोण जाणार विहिरीवर?"

मग त्यांनी जुनी गोष्ट काढली. विहीर तीन भावांची, पाळ्या वारांवर वाटलेल्या. २००५ साली वीज मंडळाचे भाग होऊन महावितरण आलं, त्या सुमाराला भारनियमन जोरात होतं. शेतीची थ्री फेज वीज आठवड्यात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. वारच असे पडले की मधल्या आजोबांच्या पाळीला कायम रात्रीची वीज. जुन्नर तालुक्यात रात्री दारं धरायला जाणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला विचारा. बिबट्यांसाठी माणिकडोहला केंद्र उगाच नाही उभं राहिलं. एकदा बांधावर डोळे चमकले आणि मधले आजोबा बॅटरी टाकून पळत घरी आले. तेव्हा तिघांनी बसून पाळ्या दोन दोन दिवस पुढे सरकवल्या, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडी तरी दिवसाची वीज यावी.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय! सरकवल्या, पण मधले दोन दिस कुणाचे ते बोललोच नाही. मला वाटलं त्याचे, त्याला वाटलं माझे. मोटर कुणीच चालू केली नाही. नवे लावलेले टोमॅटो माना टाकून बसले." आणि माझ्याकडे बघून सहज म्हणाले, "तू मधले दिस कुणाला दिलेस?"

घशाला कोरड पडणे हा वाक्प्रचार मी निबंधात खूप वापरलाय. अर्थ तेव्हा कळला. जुना पिरियड रविवारी मध्यरात्री संपवला होता. नवा गुरुवारी सकाळी सातला सुरू केला. मधले तीन दिवस सात तास कुणाचेच नव्हते! दोन पिरियड एकमेकांवर चढले असते तर सॉफ्टवेअरनं लाल अक्षरात तक्रार केली असती. मध्ये फट राहिली तर ते गप्प बसतं. त्या दिवसांत ज्यांची तारीख होती ती कामं कुठल्याच यादीत आली नसणार.

सोमवारी पहाटेची एसटी पकडली. आळेफाट्याला चहासुद्धा घेतला नाही. कॉम्प्युटर उघडला तर अकरा वर्क ऑर्डर. बरीचशी ग्रीसिंगची, फिल्टर साफ करण्याची. आणि एक, मंगळवारची, ओव्हरहेड क्रेनचा वायर रोप तपासण्याची. क्रेन मंगळवारपासून चालूच होती, खालून माणसं जात होती.

मिस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी मला एक शब्द बोलला नाही. सरळ जाऊन क्रेन थांबवायला लावली आणि गुडघे धरत शिडी चढले. रोप हातमोज्यानं पुसत पुसत निम्म्यावर आले आणि थांबले. एका जागी तारा तुटून काट्यांसारख्या बाहेर आल्या होत्या. दुपारपर्यंत रोप बदलला. प्रॉडक्शनवाल्यांनी आरडाओरडा केला तो साहेबांनी झेलला.

मी फट भरली. तीन दिवस सात तासांचा एक आखूड पिरियड केला, अकरा कामं त्यात घातली. नावाच्या रकान्यात 'मधले दिस' लिहिलं. मीटिंगमध्ये पडद्यावर ते आलं तेव्हा लोक हसले, आणि हे काय म्हणून मला उभं राहून सगळं सांगावं लागलं. क्रेनचं सांगितल्यावर कुणी हसलं नाही.

मिस्त्रींनी डायरी ड्रॉवरमधून काढली ती परत ठेवली नाही. ट्रेनिंग संपेपर्यंत दर मंगळवारी, पाच वाजायच्या आत, ते एकेक काम डायरीतून मोठ्यानं वाचायचे आणि मी स्क्रीनवर ते शोधायचो.