घुमणं

ध्यानाला बसल्यावर थोड्या वेळाने माझी मान डावीकडे वळू लागते. मी वळवत नाही; ती वळते. कधी कमरेपासून वरचं सगळं धड जात्यासारखं गरगर फिरतं. शेजारच्या गृहस्थांचा उजवा हात वर जाऊन अधांतरी राहतो, मागे कुणी बाई मधूनच हुंदका देतात. डोळे सगळ्यांचे मिटलेले, म्हणून निभावतं.

शक्तिपाताच्या परंपरेत याला क्रिया म्हणतात. पुण्यात गुळवणी महाराजांच्या वासुदेव निवासात ही साधना चालत आली. गणेशपुरीच्या मुक्तानंदांनी ‘चित्शक्तिविलास’मध्ये स्वतःच्या अशा अनुभवांबद्दल भरभरून लिहिलं. जाणते सांगतात ते एवढंच: क्रिया करू नये, अडवूही नये, नुसती बघावी.

मी मात्र अंग हलताना पहिल्यांदा पाहिलं ते अश्विनातल्या अष्टमीच्या रात्री. तांदळाच्या उकडीचा महालक्ष्मीचा मुखवटा, काजळाने रेखलेले डोळे, आणि समोर घागरी फुंकणाऱ्या बायका. घागर उदाच्या धुरावर धरायची, काठ ओठांशी न्यायचा आणि फुंकायचं. पितळेतून घूं घूं असा जड आवाज निघायचा, त्या ठेक्यावर पावलं पडायची. नात्यातल्या एका काकूंच्या अंगात यायचं. एरवी पदर सावरत, खाली मान घालून पंगतीत वाढणारी ही बाई. त्या रात्री अंबाडा सुटलेला, नजर भलतीकडेच, आणि घागर बोटांवर अशी नाचवायची की आम्ही पोरं मागे सरकायचो. तिचे सासरे पुढे होऊन हात जोडायचे. वर्षातून तेवढ्या एका रात्री.

पुढे कॉलेजात चार पुस्तकं वाचल्यावर मी घरात खुलासा करून टाकला. तोंडाने भराभर फुंकत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. देवीबिवी काही नाही. आजीने वाती वळता वळता विचारलं, “फुंकतात तर सगळ्याच. मग तिलाच का रे येते?” मला उत्तर सुचलं नाही. आज एक सुचतं, पण त्याचा संबंध रक्तापेक्षा त्या जोडलेल्या हातांशी जास्त आहे.

आजीला मायकेल फॅरडेची गोष्ट आवडली असती. 1853 साली विलायतेत टेबलं फिरवण्याचं खूळ होतं. माणसं टेबलावर हात ठेवून बसायची आणि टेबल सरकायचं. कुणी म्हणे भुतं, कुणी म्हणे वीज. फॅरडेने दोन फळ्यांमध्ये काचेच्या कांड्या घातल्या आणि वरची फळी किंचित जरी सरकली तरी हलेल असा काटा बसवला. माणसं प्रामाणिक होती, तरी ढकलत तीच होती, नकळत. खरी गंमत पुढे आहे. काटा डोळ्यांसमोर आला की ढकलणं थांबायचं.

मग साधनेतलं ‘नुसतं बघणं’ कसं काय चालतं? बघितल्यावर मान थांबायला हवी. माझी थांबतेही, पण दर वेळी नाही. ‘सापडलीस!’ अशा नजरेने बघितलं की जागच्या जागी ताठ. तसं काही मनात नसलं, तर माझ्यादेखत खुशाल वळत राहते. या दोन नजरांतला फरक कुठल्या काट्यावर दिसेल, कुणास ठाऊक.

नजर चुकवून यात अभिमान मात्र पटकन शिरतो. आठ सात्त्विक भावांत कंप आहे, रोमांच आहे, म्हणून थरथरणाऱ्या माणसाला आपण भक्त ठरवून मोकळे होतो. पण ते आठ भाव भरताच्या नाट्यशास्त्रातले आहेत, नटाने रंगमंचावर दाखवायचे! आणि अर्जुनाला गीतेच्या पहिल्या अध्यायात कापरं भरतं, अंगावर काटा येतो, तो विषादाने. अकराव्यात पुन्हा काटा येतो, तो विश्वरूप बघून. अंगाकडे सामग्री तेवढीच. भीती असो, शोक असो, नाहीतर देव, त्याने तीच वापरायची.

हल्ली मी भिंतीपासून हातभर पुढे सरकून बसतो. धड मागे झुकून डोकं आपटलं, तर क्रिया कुणाचीही असो, टेंगूळ माझ्याच डोक्याला येतं.