ज्याचं जळतं

ज्याचं जळतं त्याला कळतं. आई हे नेहमी म्हणायची आणि मला पटायचंही. हल्ली मात्र ही म्हण पिच्छा सोडत नाही. जळणाऱ्याला चटका कळतो, खरं आहे. पण घरं इतकी खेटून कुणी बसवली, पाणी कुठं अडलं, हे त्या धगीत कसं कळावं? आणि लांब उभ्या अभ्यासकाला ते दिसलंच, तर पोळलेल्याच्या वतीनं बोलायचा हक्क त्याला कुणी दिला? राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरूंनी २००२ साली या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं: अनुभव दलितांनी पुरवायचा, सिद्धान्त वरच्यांनी रचायचा, ही ज्ञानातलीही जातवार कामवाटणीच.

घाटकोपरच्या चिरागनगरात ही कामवाटणी मोडली होती. तिथं झोपडीत राहणारे, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेले अण्णा भाऊ साठे यांनी १९५८ साली पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. १८ जुलै १९६९ला ते गेले. १९ दिवसांनी फ्रँकफर्टचा तत्त्वज्ञ अडोर्नो गेला. अडोर्नोला आपण समाजाचा चिकित्सक म्हणून वाचतो, अण्णा भाऊंच्या तसबिरीला हार घालतो. समाजाची चिकित्सा ओसरली म्हणून हळहळतो, ती मग कुणाची?

आणि मुलुंडचे शाहीर विलास घोगरे. ११ जुलै १९९७ला रमाबाई आंबेडकर नगरात, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनं संतापून रस्त्यावर आलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १० माणसं गेली. चार दिवसांनी घोगऱ्यांनी आयुष्य संपवलं. वर्षानुवर्षं डाव्या चळवळीत गायलेल्या या माणसाच्या डोक्याला तेव्हा निळं फडकं बांधलेलं होतं. जात की वर्ग, हा जुना वाद त्या फडक्यापाशी मिटवून टाकावा, असा मोह होतो. पण ज्या संघटनेसाठी ते गायले, तिनं त्यांना आधीच दूर केलं होतं. त्यांचं एकट्याचं दुःख किती आणि समाजाचं किती, याचा हिशेब मी कसा मांडणार?

आनंद पटवर्धनांनी १४ वर्षं चित्रण करून २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पूर्ण केला. घोगऱ्यांपासून सुरू झालेला हा चित्रपट कबीर कला मंच या शाहिरी पथकाच्या तरुण पोरापोरींपर्यंत येतो. जात आणि भांडवल, दोन्ही एकाच दमात गाणारी ही पोरं. चिकित्सा पुन्हा रुजली ती इथं, असं मला मनापासून वाटलं. २०१३ साली माओवादी संबंधांच्या आरोपावरून त्यांच्यातली शीतल साठे गरोदरपणात तुरुंगात गेली. सरकारला त्या गाण्यांत काहीतरी ऐकू आलं असावं. मला तितकं आलं का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.