वही बरोबर आणा

पुणे

प्रिय वहिनी,


काल दादाने फोनवर तुमच्या लेकाचे रिपोर्ट वाचून दाखवले. लघवीत प्रोटीन चार प्लस, रक्तातलं अल्ब्युमिन उतरलेलं, कोलेस्टेरॉल चढलेलं. तुमच्या लातूरच्या डॉक्टरांनी ‘नेफ्रॉटिक’ सांगून स्टेरॉइड सुरू केलं आणि मुलांच्या किडनीतज्ज्ञांना दाखवून या म्हणाले. मागून तुमचा आवाज ऐकू आला, “किडनी गेली का हो त्याची?” फोनवर तुम्ही रडत होतात, तेव्हा बोलणं झालं नाही. म्हणून पत्र, पुन्हा पुन्हा वाचता येईल असं.

नाही वहिनी, गेलेली नाही. किडनीची गाळणी एरवी प्रोटीन अडवते, या आजारात ते लघवीतून जायला लागतं. रक्तातलं प्रोटीन घटलं की पाणी अंगात मुरतं, म्हणून सकाळी डोळे सुजतात, मग पोट, मग पाय. डोळ्यांची सूज पाहून बहुतेकांना आधी ॲलर्जीच वाटते, त्यामुळे थेंब घालण्यात गेलेले दिवस मनाला लावून घेऊ नका. २ ते ६ वर्षांच्या मुलांत हा आजार जास्त दिसतो आणि १०० पैकी ८० हून अधिक मुलांची लघवी स्टेरॉइडने साफ होते. माझ्या लेकीची झाली. पण तो परत येतो, हेही आत्ताच सांगते. बऱ्याच मुलांत येतो, बहुधा सर्दी-तापाच्या पाठीवर. ते कुणाच्या खाऊ घालण्यामुळे होत नाही. सासूबाईंनाही हे नीट सांगा.

मोठ्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना दाखवलं तर चालणार नाही का, असं दादाने विचारलं. अडीनडीला चालेल. पण लहान मुलाचा डोस त्याच्या वजन-उंचीवरून काढतात, बीपी किती म्हणजे जास्त हेही वय आणि उंची पाहून ठरतं, आणि मोजायचा पट्टासुद्धा छोटा लागतो. मोठ्या माणसाला या आजारात बहुधा बायॉप्सीला सामोरं जावं लागतं. स्टेरॉइडला साथ देणाऱ्या लहान मुलाला ती सहसा लागत नाही. मुलांचे किडनीतज्ज्ञ म्हणजे आधी बालरोगतज्ज्ञ झालेले आणि मग मुलांच्या किडनीचं वेगळं शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते थोडे आहेत आणि मोठ्या शहरांतच भेटतात. म्हणून पाटीवर ‘किडनी’ वाचून आत शिरू नका, मुलांचे आहेत का ते विचारा. मुंबईत परळला, केईएमच्या शेजारी, वाडिया रुग्णालय आहे. १९२९ पासून ते मुलांसाठीच चालतं आणि तिथे मुलांच्या किडनीचा विभाग आहे. तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर असू द्या आणि सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. लातूरच्या डॉक्टरांना मात्र सोडू नका. रात्री ताप चढला तर धावत जाल ते त्यांच्याकडेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोनशे पानी वही आजच आणा. रोज सकाळची पहिली लघवी तपासायची. औषधाच्या दुकानात पट्ट्या मिळतात, त्या बुडवून डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायच्या. पट्ट्या महाग पडल्या तर आम्ही करायचो तसं करा: परीक्षानळीत लघवी घ्यायची, सल्फोसॅलिसिलिक ॲसिडचे तीन-चार थेंब टाकायचे आणि नळीमागे वर्तमानपत्र धरायचं. पाणी स्वच्छ राहिलं तर शून्य. गढूळ झालं पण अक्षरं वाचता आली तर एक प्लस. दह्यासारख्या गुठळ्या झाल्या तर चार. (ॲसिड मुलाच्या हाताला लागू देऊ नका.) वहीत तारीख, निकाल, वजन, गोळी किती दिली, सर्दी-ताप होता का, एवढं लिहा. सलग ३ दिवस शून्य किंवा ट्रेस आलं तर आजार आवरला. सलग ३ दिवस तीन किंवा चार प्लस आलं तर तो परतला, लगेच फोन करा. पुष्कळदा वहीला हे डोळे सुजायच्या आधीच कळतं, आणि तेवढ्यानं ॲडमिट होणं टळू शकतं. तज्ज्ञांना तुमचं मूल थोडाच वेळ दिसणार आहे. मधले सगळे दिवस त्यांना या वहीतूनच वाचता येतात. आमचे डॉक्टर लेकीला तपासायच्या आधी वहीच मागायचे.

स्टेरॉइडचं नाव काढलं की घरोघरी सल्ले सुरू होतात. पहिल्या वेळी साधारण ६ आठवडे रोज आणि पुढचे ६ आठवडे एक दिवसाआड देतात. गाल फुगतील, भूक भयंकर वाढेल, चिडचिड होईल. ते बघवत नाही, मला माहीत आहे. पण गोळी मनाने कमी करू नका, एकदम बंद तर मुळीच नाही. कुणी काढा दिला असेल तर बाटली सोबत आणा आणि डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. सूज आहे तोवर मीठ कमी, पापड-लोणचं बंद. डाळ-दूध मात्र नेहमीसारखं. पोट दुखून ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. वर्गात कुणाला कांजिण्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. कुठली लस द्यायची, कुठली थांबवायची, हेही विचारून घ्या.

तारीख मिळाली की कळवा, मी आदल्या दिवशी दादरला मावशीकडे येऊन थांबते. ओपीडीत बराच वेळ जाईल, त्याचे रंग आणि चित्रांची वही आणा. रक्त काढताना दुखणार नाही असं त्याला सांगू नका. थोडं दुखेल आणि आई जवळ असेल, असं सांगा. तपासणी झाली की त्याला मी बाहेर सांभाळीन. तुम्ही आणि दादा दोघंही आत थांबा, डॉक्टर काय म्हणतात ते दोघांनी ऐका आणि न कळलेलं तिथेच विचारा.

तुमची,
नणंद